बालाघाटाच्या माथ्यावरून

आमच्या शाळेची सहल दरवर्षीं मोटारींतून जाते आणि मोटारींतूनच परत येते. वेरूळ पाहून आलेल्या मुलांस कैलास लेण्यापेक्षां वाटेंतील उपाहारगृहच अधिक स्मरतें, असा आमच्या भूगोलाच्या गुरुजींचा जुना आक्षेप आहे. तो खोटा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. गतवर्षीं गुरुजींनीं मनावर घेतलें, मुख्याध्यापकांची परवानगी मिळविली, आणि महाशिवरात्रीच्या सुट्टीस जोडून चार दिवसांची पायीं सहल ठरविली. नांदेड जिल्ह्यांतील कंधार येथून निघावयाचें, बालाघाटाच्या डोंगरांतून नैर्ऋत्येस चालत जावयाचें, आणि चौथ्या दिवशीं लातूर जिल्ह्यांतील वडवळ नागनाथ येथील बेटावर पोहोंचावयाचें, असा बेत होता. बेट म्हणतांच आमच्यांतील एकानें पोहतां येत नसल्याचें आधींच सांगून टाकलें. तेव्हां गुरुजी हंसले व म्हणाले, "लातुराकडे एकट्या उभ्या असलेल्या डोंगरास बेट म्हणतात. उदगीरजवळचें हत्तीबेट तसेंच. पाण्याचें नांव नसलें तरी बेटच." वडवळचें बेट औषधी वनस्पतींसाठीं प्रसिद्ध आहे, त्या ओळखून वहींत नोंदावयाच्या, हा सहलीचा शेवटचा व मुख्य कार्यक्रम होता.

आम्ही नववीच्या वर्गांतील अकरा मुलें, गुरुजी आणि शाळेचे शिपाई काका मिळून तेरा जण निघालों.

बालाघाट हें नांव आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें, पण तो डोंगर आपल्याच दाराशीं आहे याची कल्पना आम्हांपैकीं फार थोड्यांस होती. सह्याद्रीच्या हरिश्चंद्रगडापासून ही रांग निघते आणि अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड अशी आग्नेयेस सुमारे ३२० किलोमीटर पसरत येते. आरंभीं ती उंच आहे. आमच्याकडे येईपर्यंत तिचा जोर ओसरतो आणि ती लांबच लांब सपाट माथ्याची होते. फारशींत 'बाला' म्हणजे वरचा. घाटावरचा प्रदेश तो बालाघाट. लातूर जिल्हा या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० ते ६३८ मीटर उंचीवर वसला आहे. नांदेड शहर गोदेच्या कांठीं, बरेंच खालीं आहे. म्हणून नांदेडहून लातुरास जाणारा मनुष्य नकळत एक डोंगर चढत असतो. मोटारींत बसलेल्यास तें कळत नाहीं.

निघण्याच्या आदल्या दिवशीं गुरुजींनीं आम्हांस अमेरिकेंतील अ‍ॅपलेशियन नांवाच्या डोंगरवाटेची हकीकत सांगितली. १९२१ सालीं बेंटन मकाय नांवाच्या गृहस्थानें ती कल्पना मांडली, आणि १९३७ सालीं ती वाट पुरी झाली. चौदा राज्यांतून जाणारी ही पाऊलवाट सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे, आणि वाटसरूची चुकामूक होऊं नये म्हणून तिच्यावरील झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले आहेत. हें ऐकून आमची कल्पनाशक्ति चळली. आम्हीं वर्गांतील खडूंची एक पेटी पिशवींत टाकली. बालाघाटाची अशी वाट कोणी आंखलेली नाहीं, तर ती आम्हीच आंखूं, असा निश्चय झाला. शिवाय एक वही केली. तिच्यांत तीन रकाने होते: दिवस, ठिकाण व अंतर.

पहिल्या दिवशीं सकाळीं कंधारचा किल्ला पाहिला. हा डोंगरावरचा किल्ला नव्हे, भुईकोट आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासून या नगराची ख्याति आहे. दहाव्या शतकांत होऊन गेलेल्या तिसऱ्या कृष्णाचें नांव या किल्ल्याशीं जोडलें जातें. तटाभोंवतीं रुंद खंदक आहे, आणि गांवाजवळ जुना विस्तीर्ण तलाव आहे. त्यास जगत्तुंग समुद्र असें भव्य नांव आहे. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या राजांनीं तलावास समुद्र म्हणावें, याची आम्हांस मौज वाटली. गुरुजी मात्र खंदकाच्या कांठीं बराच वेळ उभे राहिले. "या देशांत पाणी धरून ठेवणारा तो राजा," असें कांहींसें ते म्हणाले. आमचें लक्ष नव्हतें. आम्ही तटावर खडूनें पहिली खूण कोठें करावी या वादांत होतों. सुदैवानें शिपाई काकांनीं पाहिलें आणि जुन्या वास्तूस हात लावाल तर परत नेईन, असा दम भरला. मग पहिली खूण वेशीबाहेरच्या एका धोंड्यावर झाली.

तेथून माळेगांवपर्यंतची वाट सोपी होती. हरभरा बहुतेक काढून झाला होता, ज्वारीचीं कणसें खुडून कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या, आणि बांधावर कोठें कोठें पळसास नुकतीच केशरी फुलें येऊं लागलीं होतीं. माळेगांवीं खंडोबाचें देवस्थान आहे. मार्गशीर्ष वद्यांत येथें जी यात्रा भरते तिची कीर्ति दूरवर आहे. घोडे, गाढवें, उंट, हरतऱ्हेचीं जनावरें येथें विक्रीस येतात. आम्ही गेलों तेव्हां यात्रा होऊन पुष्कळ दिवस लोटले होते. रिकाम्या माळावर चुलींचे काळे दगड, ठोकलेल्या मेखांचीं भोकें आणि वाऱ्यानें उडणारे कागद एवढेंच उरलें होतें. ज्यांनीं ती यात्रा पाहिली होती, त्यांना तो माळ ओळखूं येईना. रात्रीं एका शाळेच्या ओसरीवर निजलों. वहींत अंतर लिहिलें: १९ किलोमीटर.

दुसऱ्या दिवसाविषयीं फारसें लिहिण्यासारखें नाहीं. मन्याड नदीवर लिंबोटीचें धरण झालें आहे. त्याचें निळें पाणी दुरून पाहिलें. पायांस फोड आले. दोघांनीं जोडे काढून हातांत घेतले व तासाभरानें पुन्हां घातले. आजीनें बांधून दिलेले धपाटे दुपारींच संपल्यामुळें एकानें रात्रीं उपास केल्याचें नाटक केलें आणि सर्वांच्या भाकऱ्यांतून मिळून दीड भाकरी जास्त खाल्ली. अंतर १७ किलोमीटर. अहमदपुराजवळ मुक्काम केला.

तिसऱ्या दिवशीं पहाटे निघालों. अहमदपूर मागें टाकून डोंगराच्या कण्यावर चढलों तेव्हां सूर्य हातभर वर आला होता. चढण म्हणावी तर तीनशें पावलांची. पण वर आल्यावर दोन्ही अंगांस एवढा मुलूख दिसला कीं सर्वजण आपोआप गप्प झालों. तेथें गुरुजींनीं आम्हांस बसविलें. ते म्हणाले, "मुलांनो, तुम्ही आतां पाणलोटाच्या माथ्यावर बसलां आहां. या अंगास पडलेला पाऊस मन्याडीस जातो, त्या अंगास पडलेला मांजरेच्या ओढ्यांस जातो. ही मांजरा बीड जिल्ह्यांत याच बालाघाटावर उगम पावते, आग्नेयेस कर्नाटकांतून तेलंगणांत शिरते, तेथें वळून उत्तरेस येते, वाटेंत मन्याडीसही पोटांत घेते, आणि कंदकुर्ती येथें गोदावरीस मिळते. म्हणजे येथें एका हाताच्या अंतरानें वेगळें झालेलें पाणी शेंकडों किलोमीटर फिरून पुन्हां एक होतें." हें सांगतांना त्यांनीं आपल्या बाटलींतील थोडें पाणी कातळाच्या धारेवर ओतलें. तें खरोखरच दोन्हींकडे गेलें! अर्धी ओंजळ उत्तरेस, अर्धी दक्षिणेस.

इतकी सुंदर गंमत आम्हीं भूगोलाच्या तासास कधीं पाहिली नव्हती. मग प्रत्येकास ती स्वतः करून पाहावयाची होती. एकानें ओतलें, दुसऱ्यानें ओतलें. कोणाचें पाणी आधीं मांजरेस पोहोंचतें याची पैज लागली. एकदां ओतलेलें पाणी तापलेल्या कातळावर लगेच सुकून जाई, म्हणून पुन्हां ओतावें लागे. गुरुजींनीं दोन वेळां "पुरे" म्हटलें, पण तेही हंसत होते. पुढें तासाभरावर ओढा आहे असें मोबाइलमधील नकाशा दाखवीत होता. ती निळी रेघ आम्हीं सर्वांनीं पाहिली होती.

ओढा तासाभरानें आला. त्यांत गोटे होते, वाळू होती, बैलाच्या एका वाळलेल्या शिंगाचें टोंक होतें. पाणी नव्हतें. नकाशांतील रेघ मात्र तशीच निळी होती.

पुढील दोन तासांचें वर्णन करण्याचें टाळतों, कारण त्यांत आमचें कांहीं शौर्य दिसणार नाहीं. ऊन माघाचें होतें, वैशाखाचें नव्हे. तरी सावली धरण्याजोगें झाड कोठें दिसेना. आमच्यांतील सर्वांत धाकटा बोलेनासा झाला. शिपाई काकांनीं त्याची पिशवी घेतली, मग दुसऱ्याची घेतली. बाटल्यांत उरलें होतें तें सर्वांत मिळून दोन घोट होतें. सकाळच्या गमतीचा उच्चार कोणीं केला नाहीं. पण प्रत्येकाच्या मनांत तो कातळ होता, हें नंतर बोलतांना समजलें. वाटेंत खडूच्या खुणा करण्याचें काम तेवढें सवयीनें चालूं होतें.

अखेर एका खोलगट जागीं पंधरा-सोळा घरांची वाडी दिसली. तिचें नांव येथें देत नाहीं. पहिल्याच घराच्या ओसरीवर एक म्हातारी आजी शेंगा फोडीत बसल्या होत्या. तेरा माणसें अंगणांत येऊन उभीं राहिलेलीं पाहून त्या घाबरल्या नाहींत. आमच्या तोंडांकडे एकदां पाहून त्यांनीं सूप बाजूस ठेवलें.

"कुठं चाललाव रे लेकरांनो एवढ्या उन्हाचं? बसा, बसा."

ओसरीच्या कोपऱ्यांत जमिनींत अर्धा पुरलेला एक रांजण होता. आजींनीं तांब्या घेतला आणि एकेकाच्या हातीं भरून देऊं लागल्या. तें पाणी इतकें गार होतें कीं दांत कळवळले. आम्ही प्यालों, पुन्हां प्यालों, ज्याचें पिऊन झालें तो पुन्हां रांगेंत उभा राहिला. मग कोणीं तरी बाटल्या भरून घेण्याचें काढलें. प्रत्येकाच्या दोन, अशा सव्वीस बाटल्या भरल्या गेल्या. आजी आंत भाकरीचें पाहण्यास गेल्या होत्या. आतां आमच्याच हातीं तांब्या होता. एकानें तोंड धुतलें. तें पाहून दुसऱ्यानें पाय धुतले, फोड आलेल्या पायांस फार बरें वाटलें म्हणून सांगितलें, आणि मग सर्वांनींच धुतले. अंगणांत चिखल झाला. एका कोंबडीनें येऊन त्यांत चोंच घातली. शिपाई काका धाकट्यास निजवून त्यास वारा घालीत होते, आणि गुरुजी पलीकडे कोणा शेतकऱ्यास वाट विचारावयास गेले होते.

आजी परत आल्या. त्यांनीं अंगणाकडे पाहिलें, रांजणांत वांकून पाहिलें, आणि झांकण घातलें. एक शब्द बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें मात्र वेशीकडे बोट करून त्यांनीं विचारलें, "त्या धोंड्यावर पांढऱ्या खुणा तुम्हीच करलालाव का? नळाची लाईन येणार हाय म्हणून मोजणीवाले येऊन गेले हुते मागं. त्यायचेच माणसं का तुम्ही?"

आम्हीं त्या खुणा कशाच्या आहेत तें सांगितलें. सांगतांना फार वेळ लागला, आणि सांगून झाल्यावर त्यांना तें समजलें असें वाटलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आमचें आम्हांसही त्या वेळीं तें नीट सांगतां येईना.

इतक्यांत घरांतून आमच्याच वयाची एक मुलगी बाहेर आली. तिनें चुंबळ डोक्यावर ठेवली, एक घागर तिच्यावर, दुसरी कमरेवर घेतली, आणि आमच्या मधून वाट काढून निघाली. आजी तिला म्हणाल्या, "जा माय, वाईच लवकर ये." मुलगी म्हणाली, "सकाळीच तीन खेपा झाल्या की." तिच्या बोलण्यांत राग नव्हता, पण आमच्या पायांवरचें पाणी अजून वाळलें नव्हतें, आणि आम्हीं पाय मागें घेतले.

वाडींत हापसा होता. आमच्या मॉनिटरनें जाऊन तो हलवून पाहिला. आंतून कोरडा खणखण आवाज आला. विहिरीचा तळ दिसत होता. टँकर चैत्रांत सुरू होतो, असें शेजारच्या घरांतील गृहस्थांनीं सांगितलें, तोंवर झिरा.

झिरा म्हणजे काय हें आम्हांपैकीं सहा-सात जणांस ठाऊक नव्हतें. आम्ही त्या मुलीच्या मागोमाग दरींत उतरलों. उतार घसरडा होता. तिच्या पायांत चप्पल होती, आमच्या पायांत डोंगर चढण्याचे म्हणून मुद्दाम घेतलेले जोडे होते, आणि तरी आम्हीच पडत होतों. तळाशीं नाल्याच्या वाळूंत एक कंबरभर खोल खड्डा होता व त्याच्या तळाशीं परातीएवढें पाणी. चार बायका व दोन लहान मुली घागरी मांडून बसल्या होत्या. एकजण वाटीनें पाणी उचलून घागरींत ओती. सात-आठ वाट्या झाल्या कीं खालची वाळू दिसूं लागे, आणि मग पाणी पुन्हां सांचेपर्यंत सर्वजणी वाट पाहात. कोणी घाई करीत नव्हतें. घाई करून उपयोग नव्हता.

गुरुजी आमच्या मागून उतरून आले होते. दरडीकडे बोट करून त्यांनीं हलक्या आवाजांत सांगितलें तें एवढेंच: हा सर्व काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर थिजून झाला आहे, तो घट्ट आहे, पाणी पोटांत ठेवीत नाहीं, दोन थरांच्या मध्यें कोठें तांबूस मातीची पट्टी अगर भेग असली तर तेथून थेंब थेंब पाझरतो. माथ्यावर माती कमी, उतार जास्त. पाऊस पडतो तो चार महिन्यांत ओढ्यांवाटे निघून जातो. सकाळीं ज्या आनंदानें त्यांनीं पाणलोट समजावून सांगितला होता, तो आनंद या वेळीं त्यांच्या आवाजांत नव्हता. मग ते थांबले आणि म्हणाले, "सकाळीं कातळावर पहिलें पाणी मीं ओतलें." आम्हां कोणास कांहीं उत्तर सुचलें नाहीं.

आम्हीं रांजण भरून देण्याचें ठरविलें. वाडींत जाऊन घागरी, कळशा, एक प्लॅस्टिकचा डबा, मिळेल तें गोळा करून आणलें. अकरा मुलें आहोंत, पाऊण तासांत काम होईल, असा आमचा हिशेब होता. परंतु मुलें अकरा असलीं तरी झिरा एकच होता. शिवाय आमच्या आधीं सहा जणींचा नंबर होता. एका घागरीस वीस मिनिटें लागत. आम्ही वाळूंत बसलों आणि पाणी सांचण्याची वाट पाहूं लागलों. आमच्या आयुष्यांत आम्हीं पाणी सांचण्याची वाट कधीं पाहिली नव्हती.

ती मुलगी आठवींत होती. खालच्या गांवांत शाळा आहे. सकाळच्या खेपा लवकर झाल्या तर ती जाते, नाहीं तर राहते. तिनें विचारलें, "तुमच्या गांवाला डोंगर नाहीत का?" आम्हीं सांगितलें कीं आमचें गांव सपाटीवर आहे, म्हणून मुद्दाम बालाघाट चालावयास आलों.

"हा बालाघाट व्हय?" ती म्हणाली. "पुस्तकात हाय तो? आम्ही तर ह्याला माळच म्हणताव."

नंतर थोडा वेळ ती त्या माळाकडे निरखून पाहात होती. मग म्हणाली, "आन् चालून काय करताव?"

मॉनिटरनें तिला वही दाखविली. तिनें अंतराचे आंकडे वाचले, १९, १७, आणि वही परत दिली. तिचा नंबर आला होता.

आमचा नंबर आल्यावर जें झालें तें सांगितल्यास वाचक हंसतील; ती मुलगी व त्या बाया तर मोकळ्या हंसल्या. घागर डोक्यावर घेणें आम्हांस साधेना. खांद्यावर घेतली तर मान वांकडी होई आणि पाणी पाठीवरून ओघळे. शेवटीं एका काठीस घागर अडकवून दोघांनीं दोन टोंकें धरलीं. चढावर पुढच्याचा पाय सरला कीं मागच्याच्या अंगावर पाणी. पहिली घागर वर पोहोंचली तेव्हां तीन भाग उरली होती कीं नाहीं याची शंका आहे. दुसऱ्या वेळीं आम्ही सावकाश गेलों. तिसऱ्या वेळीं त्या मुलीनें काठी टाकावयास लावून कमरेवर घागर कशी टेकवावी तें दाखविलें. चौथ्या खेपेस दिवस मावळला.

रांजण भरला नाहीं. गळ्याखालीं चार बोटें राहिला. कंदिलाच्या उजेडांत आम्ही त्यांत पाहात उभे असतांना आमच्यांतील जो फार बोलत नाहीं, तो म्हणाला, "हें पाणी आपण आणलें कोठून? त्याच झिऱ्यांतून. म्हणजे उद्यां सकाळीं बाकीच्या घरांस तेवढें कमी." हा विचार आमच्या मनांत आला नव्हता. तो आल्यावर अंगांतील सर्व श्रम एकदम जाणवूं लागले.

मग आम्हांस भरलेल्या बाटल्या आठवल्या. सव्वीस बाटल्या म्हणजे जवळ जवळ दोन घागरी पाणी! त्या उघडून रांजणांत ओतण्यासाठीं आम्ही पुढें झालों, तों आजी धांवल्या व त्यांनीं झांकणावर दोन्ही हात ठेवले. "अरे लेकरांनो, उष्टं पाणी पेयाच्या रांजणात कसं टाकताव?" तोंड लावून प्यालेल्या बाटल्या होत्या, त्यांचें म्हणणें खरें होतें. मग त्यांनींच तोड काढली. शेळ्यांची दगडी डोण ओढून आणली, आणि तिच्यांत आम्हीं एकेक बाटली रिकामी केली. तीन शेळ्या व एक करडूं डोणीस लागलीं. आजींना तें पाहून समाधान झालेलें दिसलें. आम्हांस पाहिजे होतें तें समाधान कांहीं झालें नाहीं.

त्या रात्रीं वाडींतच राहिलों. घरोघरच्या भाकऱ्या आल्या, बरोबर पिठलें व ठेचा. गुरुजींनीं पैसे पुढें केले, ते आजींनीं हात लावून परत दिले. जेवणानंतर तांब्या फिरला तेव्हां प्रत्येकानें एक एक घोट घेतला व पुढें दिला. कोणींही सांगितलें नव्हतें.

शिपाई काका मूळचे लातूरचे. चांदण्यांत निजल्या निजल्या त्यांनीं २०१६ सालची गोष्ट सांगितली. तेव्हां आम्ही इतके लहान होतों कीं आम्हांस कांहीं आठवत नाहीं. आमच्या आईबापांस चांगलें आठवत असेल. मांजरेचें धरण आटलें, शहराच्या नळास पाणी येईना, आणि मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी आली, तिचे डबे दहा, पाणी पांच लाख लिटर. काका स्टेशनावर पाहावयास गेले होते. पाणी कांहीं तेथें मिळत नव्हतें, तें आधीं शुद्ध होऊन मग वांटलें जाणार होतें. पण लोक पाहावयास आले होते. "गाडी थांबल्यावर एक म्हातारा डब्याला नुसता हात लावून उभा होता," काका म्हणाले. "गार लागते का बघत असंल." मग ते बराच वेळ बोलले नाहींत, आणि आम्हांस झोंप लागली.

पहाटे घागरींच्या आवाजानें जागे झालों. अंधारांतच बायका निघाल्या होत्या. त्यांत ती मुलगीही होती. आम्ही उठून तिच्याबरोबर जावें कीं न जावें, हें कोणास ठरवितां येईना. गेलों असतों तर झिऱ्यावर आणखी गर्दी झाली असती. आम्ही अंथरुणावर बसून राहिलों.

वडवळचें बेट राहून गेलें. आदल्या दिवसाचा उरलेला टप्पा आणि चौथ्या दिवसाचा टप्पा मिळून एका दिवसांत होण्याजोगा नव्हता, आणि धाकट्याच्या अंगांत थोडा ताप होता. गुरुजींनीं सडकेकडे उतरण्याचा निर्णय घेतला. निघतांना आजींनीं आमच्या रिकाम्या बाटल्या पाहिल्या व त्या भरून नेण्याचा फार आग्रह केला. आम्हीं सडक जवळच आहे असें सांगितलें. ती सात किलोमीटर होती. वेशीजवळच्या धोंड्यावरची खडूची खूण आमच्यांतील एकानें सदऱ्याच्या बाहीनें पुसली. उरलेल्या पुसण्यास मागें जाणें शक्य नव्हतें, त्या पावसाळ्यापर्यंत राहिल्या असतील. त्यांकडे पाहून कोणी नळाची वाट पाहात बसलें नसावें, एवढीच आशा आहे.

सडकेवर एस. टी. ची वाट पाहातांना मॉनिटरनें वही काढली. तिसऱ्या दिवसाच्या अंतरापुढें त्यानें ९ लिहिलें, चौथ्याच्या पुढें ७. एकूण ५२ किलोमीटर. तेव्हां धाकट्यानें विचारलें कीं झिऱ्यापर्यंतचें जाणें-येणें यांत धरलें आहे काय. धरलें नव्हतें, तें बालाघाटाच्या वाटेवर नव्हतें. गुरुजींनीं वही मागून घेतली, पट्टी नसल्यामुळें हातानेंच एक वांकडी रेघ ओढून चौथा रकाना केला, आणि वर लिहिलें: खेपा. आमच्या नांवापुढें चार असें मांडलें. त्याखालीं त्या मुलीच्या खेपांसाठीं एक ओळ केली. पण दिवसास तिच्या एकंदर किती खेपा होतात, हें आम्हीं तिला विचारलेंच नव्हतें. ती ओळ अद्याप कोरी आहे.